एकच गट, चार घरं: आधी वाटणी की आधी बिनशेती?

वडिलोपार्जित गटात भावंडांनी घरं बांधायचं ठरवलं की घरात एकच सूर असतो: आधी वाटणी करून टाकू, मग ज्याचं तो बघेल. ऐकायला सोपं आणि न्याय्य वाटतं. गावाकडच्या जिरायत जमिनीत मात्र हाच क्रम पुष्कळदा सगळं अडकवून ठेवतो. सातारा जिल्ह्यात गावठाणालगतच्या एका गटावर तीन भाऊ आणि एक बहीण अशा चार घरांसाठी आम्ही ही सगळी प्रक्रिया केली. सात-बारावर क्षेत्र ४२ आर. त्यातून जे पक्कं कळलं ते इथे क्रमाने मांडतो, कारण या कामात पैशापेक्षा आणि ओळखीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवात सात-बारापासून. तो नुसता वाचून भागत नाही, त्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक काढून जुना फेरफार बघावा लागतो. आमच्या सात-बारावर थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा होता, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा नोंदीत बाकीच्या सहहिस्सेदारांची नावं कागदावर नसतात. हक्क असतो, पण अर्जावर सही करायला कागदोपत्री माणूसच नसतो. हा शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावून घेतल्याशिवाय पुढचा एकही अर्ज टिकत नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्त्याच्या शेऱ्याचंही तेच. ते मूल आता पन्नाशीचं झालेलं असतं, शेरा तसाच असतो.

दुसरी अडचण बोजाची. विकास सोसायटीचं पीककर्ज फिटून कितीतरी वर्षं झालेली असतात, पण इतर हक्कात बोजा उभाच असतो. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार धरायला लावायचा. फेरफार धरला म्हणजे काम झालं, असं नाही. नमुना ९ ची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना लागते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. त्यामुळे सात-बाराची सगळी साफसफाई एकदम सुरू करावी. एक नोंद पक्की होईपर्यंत दुसरी थांबवून ठेवली की महिने जातात.

जमीन भोगवटादार वर्ग १ आहे का, हेही इथेच बघायचं. वर्ग २ असेल, कुळकायद्याने मिळालेली असेल किंवा पुनर्वसनाचा शेरा असेल, तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि असला तर नजराणा. त्याशिवाय पुढचं नियोजन करून काही उपयोग नाही.

बहिणीच्या हिश्श्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही दूर केली. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावर किंवा ग्रामपंचायतीत लिहून दिलेलं चालत नाही. ‘ताई नंतर सही करेल’ म्हणून तिला बाहेर ठेवणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय बँकेचा वकील शोध अहवालात (मालकीच्या जुन्या कागदांच्या तपासणीत) ते नेमकं पकडतो आणि चारही घरांची कर्जं अडतात.

आता मुख्य प्रश्न. शेतजमिनीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते. सगळे सहधारक अर्ज करतात, जबाब होतात, वाटपाचा आदेश होतो. वाटणीपत्र करून नोंदवायचं म्हटलं तरी शेतजमिनीला मुद्रांक अवघा १०० रुपयांचा. त्यामुळे सल्ला देणारा प्रत्येकजण म्हणतो, शेती आहे तोवरच वाटणी उरका.

पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्याच्या कलम ८ प्रमाणे तुकडा पडेल अशी विक्रीही करता येत नाही आणि वाटणीही नाही. विक्रीचं सगळ्यांना माहीत असतं, वाटणीचं कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान जमीन तुकडा ठरते ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. आमच्या ४२ आर जिरायतीचे चार भाग म्हणजे प्रत्येकी साडेदहा आर. चारही तुकडे. २०२५ च्या दुरुस्तीआधीच्या नियमाने असा अर्ज जागीच थांबायचा. त्यावर कुणी सुचवतं, विहीर दाखवून बागायत करून घ्या. सात-बाराच्या पीकपाहणीत सिंचनाच्या साधनाची नोंद खरोखर नसेल, तर या वाटेला जाऊच नये. पुढे हरकत आली की सगळी साखळी कोसळते.

बिनशेती होऊन (शेतजमीन रहिवासी वापराची होऊन) रेखांकन, म्हणजे भूखंड आणि रस्ते पाडलेला आराखडा, मंजूर झालं, की मंजूर भूखंडांना तुकडेबंदीची आडकाठी राहत नाही. म्हणजे घरांसाठी लहान हिस्से पाडायचे असतील तर क्रम उलटा: चौघांनी मिळून बिनशेती, चौघांच्या नावाने रेखांकन आणि शेवटी वाटणीपत्र. याची किंमत मुद्रांकात मोजावी लागते. बिनशेती मिळकतीच्या वाटणीपत्राला सर्वात मोठा हिस्सा सोडून बाकीच्या हिश्श्यांच्या बाजारमूल्यावर २ टक्के मुद्रांक लागतो. समजा ७२० चौरस मीटरचा भूखंड आणि सरकारी दर चौरस मीटरला १,५०० रुपये. एका हिश्श्याचं मूल्य १० लाख ८० हजार, तिघांचं ३२ लाख ४० हजार, मुद्रांक ६४,८०० रुपये. वर नोंदणी फी. १०० रुपयांच्या तुलनेत हा आकडा डोळ्यात भरतो आणि घरात वाद इथेच पेटतो. आमचं मत असं, की हा खर्च चौघांत आधीच वाटून लिहून ठेवावा आणि पुढे जावं. अविभक्त जमिनीवर घर बांधून ठेवलं तर गृहकर्जाला प्रत्येक वेळी बाकी तिघांच्या सह्या लागतात, आणि पुढच्या पिढीत त्या चौदा-पंधरा होतात.

याच ठिकाणी लांब राहणाऱ्या भावंडांचं कुलमुखत्यारपत्र करून घ्यावं, नोंदणीकृत आणि कामांची यादी स्पष्ट लिहिलेलं: मोजणी, बिनशेती, रेखांकन, वीजजोड. परदेशी असलेल्यांना तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून पाठवावी लागते. ‘सर्व कामांसाठी’ असं मोघम लिहिलेलं एका कार्यालयात चालतं, दुसऱ्यात परत येतं.

मोजणी हा पुढचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे ऑनलाइन होतो. मोजणीचा प्रकार नीट निवडायचा. हद्द कायम मोजणी म्हणजे गटाची बाहेरची हद्द दाखवून देणं. पोटहिस्सा मोजणी म्हणजे आतल्या वाटण्यांची. बिनशेतीची मोजणी वेगळी. एकासाठी पैसे भरून दुसऱ्याचा नकाशा मिळत नाही.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक येतो तेव्हा मजूर, चुना, खुंट आणि खुणेचे दगड अर्जदाराने हजर ठेवायचे. आदल्या दिवशी बांधावरचं गवत आणि घाणेरी कापून ठेवली नाही तर अर्धा दिवस त्यातच जातो. आता बहुतेक ठिकाणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राने, मोजणी होते. त्याला उघडं आकाश लागतं. बांधावर चिंच किंवा जुना आंबा असेल तर फांद्यांखाली त्याला उपग्रहाचा पक्का ठाव मिळत नाही, मग तो बिंदू बाजूच्या उघड्या जागेवरून अंतर घेऊन काढावा लागतो. अशा बिंदूजवळ आपण स्वतः उभं राहावं आणि अंतर लिहून घ्यावं. शेजाऱ्यांशी वाद होतो तो अशाच बिंदूवरून.

खरी गुंतागुंत जुन्या अभिलेखाची. मूळ टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत, मापं साखळी-आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा साधारण दोन फूट पाऊण इंच. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर मोडून गट झाले आणि कितीतरी गावांत गटाचा नकाशा जुन्या टिपणाशी पूर्ण जुळत नाही. त्यात गुंठा आणि आर एकच समजण्याची सवय. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. चाळीसला हा फरक जवळपास ४७ चौरस मीटरचा, म्हणजे ५०० चौरस फुटांहून जास्त. एका मोठ्या खोलीपेक्षा जास्त जागा नुसत्या बोलण्यातून गायब होते. म्हणून घरातल्या चर्चेतही चौरस मीटरच बोलावं.

आमच्या गटात सात-बारावर ४२ आर आणि मोजणीत ४० आर निघाले. एका बाजूला पाणंद आत सरकली होती, दुसऱ्या बाजूला नांगरताना दरवर्षी थोडा थोडा बांध हलला होता. नगररचना खातं सात-बारा, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष कब्जा यांतलं जे कमी तेच क्षेत्र धरतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या दोन आरासाठी भांडत बसायचं की ४० वर काम सुरू करायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मोजणी मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते, तीही अमान्य असेल तर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना. हक्क महत्त्वाचा आहे, पण या वाटेने घराचं काम वर्षानुवर्षं लांबतं. आम्ही ४० मान्य केले. शेजारी सही देत नाही म्हणून मोजणी अडत नाही. त्याला नोटीस मिळाली होती का, एवढंच बघतात आणि तो गैरहजर असल्याची नोंद पंचनाम्यात होते. मोजणी झाली की ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

बिनशेतीसाठी गावठाणाजवळच्या जमिनीला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२ड चा आधार मिळतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी रूपांतरित समजतात, आमच्या वेळी तहसीलदारांनी रूपांतरण कर आणि बिनशेती आकारणी ठरवली, चलन भरल्यावर सनद, म्हणजे बिनशेतीचा दाखला, मिळाली. यात दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या धरतात. पहिली, २०० मीटर शेवटच्या घरापासून मोजत नाहीत. गाव नकाशावर गावठाणाची जी हद्द आहे, तिच्यापासून मोजतात. वस्ती पुढे सरकलेली असते, हद्द तिथेच असते. गट त्या रेषेने कापला जात असेल तर तेवढाच भाग मिळतो. दुसरी, सनद म्हणजे रेखांकनाची मंजुरी नव्हे. सनद हातात आल्यावर चार दिशांना चार दोऱ्या लावून पाया खणणारे खूप आहेत, आणि पुढे स्वतंत्र उतारा मिळत नाही म्हणून रडतात तेही हेच.

रेखांकनात जमीन कशी वितळते, हे आकड्यांत बघा. ५० मीटर रुंद आणि ८० मीटर लांब, ४,००० चौरस मीटर. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. गेले ४०० चौरस मीटर. लांब बाजूने ९ मीटरचा आतला रस्ता, ८० मीटर लांबीचा. गेले ७२०. उरले २,८८० चौरस मीटर, चौघांत प्रत्येकी ७२०. भूखंड साडेसतरा मीटर रुंद आणि ४१ मीटर खोल. कागदावर ज्याला साडेदहा आर दिसत होते त्याच्या हातात ७.२ आर आले. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं, पण हा हिशेब आधी सगळ्यांसमोर मांडला नाही तर भावकीत कायमची अढी बसते. आम्ही वास्तुविशारदाकडून कच्चा आराखडा काढून घेतल्याशिवाय कुणाचा कोपरा कुठला, यावर बोलूच दिलं नाही. पूर्वेचा, रस्त्याकडचा, विहिरीजवळचा हे आग्रह आराखड्यानंतर निम्म्याने कमी होतात.

पोहोच रस्ता हा वेगळा डोंगर आहे. शेतात जायची वहिवाट असते, तहसीलदार त्याच अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ताही देतात, पण तो शेतीसाठी. रेखांकनाला अभिलेखात दिसणारा, पुरेशा रुंदीचा पोहोच रस्ता लागतो. गाव नकाशावर पाणंद दोन तुटक रेषांनी दाखवलेली असली तरी तिची रुंदी कमी पडली तर शेजाऱ्याकडून नोंदणीकृत दस्ताने जागा घ्यावी लागते. तोंडी ‘जा की, कोण अडवतंय’ यावर कुठलीही मंजुरी मिळत नाही. शेजारी आज चांगला आहे, उद्या त्याची जमीन दुसऱ्या कुणाची होईल. हा दस्त मोजणीच्याही आधी झाला तर उत्तम, कारण तुमचं रेखांकन अडलंय हे कळलं की भाव चढतो. या एका कारणाने चांगली चांगली कुटुंबं गावात घर बांधायचा नाद सोडून शहरात सदनिका घेतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

मंजुरी दोन पायऱ्यांत होते. आधी तात्पुरती. मग जागेवर रस्ता, भूखंड आणि खुली जागा आखून भूमी अभिलेखकडून मंजूर आराखड्याप्रमाणे मोजणी करून घ्यायची, आणि त्या नकाशावर अंतिम मंजुरी. त्यानंतर जो कागद सगळे विसरतात, तो म्हणजे कमी-जास्त पत्रक, बोलीभाषेत क.जा.प. मूळ गटाचं क्षेत्र कमी करून भूखंड, रस्ता आणि खुली जागा यांची वेगवेगळी क्षेत्रं अभिलेखात आणणारं हे पत्रक भूमी अभिलेख तयार करतं आणि ते तलाठ्याकडे गेल्यावर फेरफार होतो. ते झालं नाही तर अंतिम मंजुरी कपाटात आणि सात-बारा मात्र एकच, चार नावांचा. बँक तो घेत नाही. अंतिम मंजुरीच्या आदेशाची प्रत दोन्ही कार्यालयांत आपणच नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. कार्यालयं एकमेकांना कळवतील या भरवशावर राहिलेली प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात, आणि याची चीड येते, कारण माणसाने पैसे भरलेले असतात, नियम पाळलेले असतात, फक्त एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला नसतो.

स्वतंत्र उतारे निघाले की वाटणीपत्र नोंदवायचं. दस्ताला मंजूर रेखांकनाची प्रत जोडायची, प्रत्येक भूखंडाच्या चतुःसीमा लिहायच्या.

आता जमिनीवरचं काम. ८० मीटर रस्त्यात साडेपाच मीटर रुंदीचा मुरमाचा पट्टा ३० सेंटीमीटर जाडीचा धरला तर दाबून बसलेला मुरूम १३२ घनमीटर लागतो, म्हणजे ४७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल मुरूम दाबला की बसतो, म्हणून साधारण ६० ब्रास मागवावा. स्वामित्वधन २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये नुसतं सरकारी. वाहतूक परवाना नसलेला डंपर स्वस्त पडतो, पण पकडला तर दंड काही पटींत होतो आणि माल तुमच्या जागेवर पडलेला असतो. काळ्या रानात वरची भुसभुशीत माती निदान दीड-दोन फूट काढल्याशिवाय मुरूम टाकू नये. पहिल्या पावसात काळी माती फुगते आणि मुरूम तिच्यात बुडतो. मुरूम १५ सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, ८ ते १० टनी रोलरने दाबायचा. एकाच दिवशी ढीग पसरून वरून एक फेरी मारली तर वरचा कवचासारखा थर कडक होतो आणि खाली सगळं सैल राहतं. रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना उतार आणि कडेला चर हवाच, नाहीतर वरच्या भूखंडाचं पाणी खालच्याच्या जोत्यात शिरतं.

घरबांधणीची जड वाहनं जाऊन झाल्यावरच खडी आणि डांबराचा विचार करावा. चारही घरं एका वर्षात होत नाहीत.

विजेसाठी चौघांनी वेगवेगळे अर्ज करू नयेत. रस्त्याने लघुदाब वाहिनी न्यायला दोन-एक खांब लागतात. एकेकट्याने अर्ज केला तर पहिल्यावर सगळा खर्च येतो आणि बाकीचे त्याच खांबावरून जोड घेतात. एकत्र अर्ज करून परवानाधारक कंत्राटदाराकडून काम करून घेतलं तर महावितरण अंदाजपत्रकावर १.३ टक्के देखरेख शुल्क घेतं. खांब रस्त्याच्या कडेला, चराच्या बाहेर रोवून घ्या. मध्ये आला तर पुढे हलवण्याचा खर्च तुमचाच. बोअर घेण्याआधी सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत ५०० मीटरच्या आत आहे का बघावं, असेल तर परवानगी लागते. शोषखड्डा आणि बोअर निदान १५ मीटर दूर. साडेसतरा मीटर रुंद भूखंडात हे अंतर शेजाऱ्याच्या बोअरशीही सांभाळायचं असतं, म्हणून चारही घरांचे बोअर पुढच्या बाजूला आणि शोषखड्डे मागे, असं एकाच नकाशावर ठरवून घेतलेलं बरं.

वाटणीपत्रात आतल्या रस्त्याबद्दल वेगळं कलम घाला: रस्ता आणि खुली जागा चौघांची सामाईक, कुणालाही त्यावर जिना, गोठा किंवा संरक्षक भिंत घेता येणार नाही, दुरुस्तीचा खर्च समान, आणि ग्रामपंचायतीकडे हस्तांतर करायचं झालं तर चौघांची संमती आज दिलेली आहे. शेवटचं वाक्य विशेष महत्त्वाचं. ते दस्तात नसलं तर पुढे गावाचं पाणी किंवा पथदिवे आतल्या रस्त्यावर आणायचे झाल्यावर पुन्हा चौघांना, आणि तोवर त्यांच्या मुलांनाही, एका टेबलाशी आणावं लागतं.